आधी बैठक, मग चेहरा

तैलरंग शिकायला माझ्याकडे येणारी माणसं बहुतेक चाळिशी ओलांडलेली असतात. शाळेत एलिमेंटरी आणि इंटरमिजिएट या दोन्ही ग्रेड परीक्षा दिलेल्या, स्थिरचित्राला बरे गुण पडलेले. पुढे नोकरी-संसारात रंगपेटी कुठल्या माळ्यावर गेली ते आठवत नाही. येताना प्रत्येकाच्या मनात एक चित्र ठरलेलं असतं. कुणाला कृष्णेच्या घाटावरची संध्याकाळ रंगवायची असते, कुणाला नातवाचं पोर्ट्रेट, कुणाला रविवर्म्याच्या नायिकेसारखी जरीची साडी. मी सगळ्यांच्या हातात एकच छापील चित्र ठेवते. त्यात एक वयस्क बाई खुर्चीत बसलेली आहे, पूर्ण बाजूने, डावीकडे तोंड करून. अंगात काळा झगा, डोक्यावर पांढरी जाळीदार टोपी, हात मांडीवर, पाय छोट्या चौरंगावर. मागे करडी भिंत, भिंतीवर एक चौकट, डावीकडे वरून खाली आलेला गडद पडदा. बस, एवढंच.

“बाई, यात रंग कुठे आहेत?” हा प्रश्न ठरलेला. वीज मंडळातून निवृत्त झालेले एक काका तर म्हणाले, “काळं-पांढरंच करायचं तर मी पेन्सिलीने केलं असतं की.” त्यांचं म्हणणं समजण्यासारखं आहे. तैलरंगाची ट्यूब पिळली की निघणारा तो तजेलदार रंगच तर माणसाला ओढून आणतो. पण सांगलीतल्या शाळेत चित्रकला शिकवून निवृत्त झाल्यावर मी हा मोठ्यांचा वर्ग सुरू केला, आणि तेव्हापासून माझं मत पक्कंच होत गेलं आहे. तैलरंगात आधी शिकायचा तो उजेड आणि अंधार यांचा हिशेब. तो जमला की लाल, निळा, हिरवा आपापल्या जागी बसतात. तो न जमता लावलेला सुंदर रंगही चित्रात उपरा दिसतो. हा हिशेब शिकवायला या चित्राइतकं सोपं आणि सच्चं दुसरं चित्र मला माहीत नाही.

चित्र जेम्स मॅकनील व्हिसलर या अमेरिकन चित्रकाराचं. जगभर ते ‘व्हिसलरची आई’ म्हणून ओळखलं जातं, पण त्याने स्वतः नाव दिलं होतं ‘करड्या आणि काळ्याची रचना, क्रमांक १’. १८७१ साली लंडनच्या चेल्सी भागातल्या आपल्या घरी त्याने आईला, अ‍ॅना व्हिसलरला, समोर बसवून ते रंगवलं. तेव्हा ती सदुसष्ट वर्षांची होती. नवरा रेल्वे इंजिनिअर. रशियात नोकरीवर असताना १८४९ मध्ये कॉलऱ्याने गेला, आणि तेव्हापासून तिने काळे कपडे घातले ते कायमचे. माझ्या वर्गातल्या बायका झग्याच्या काळ्या रंगाबद्दल हमखास विचारतात, आणि हे कळल्यावर चित्राकडे वेगळ्या नजरेने बघतात. मला ते आवडतं. समोरचा आकार कुणाचा आहे ते ठाऊक असलं की हात सावध होतो.

आणखी एक गोष्ट मी आवर्जून सांगते, कारण ती चित्रकलेच्या कामाचीच आहे. आई आधी बसलेली नव्हती, उभी होती. दोन-तीन दिवस उभं राहून ती थकली, तेव्हा बसून चित्र काढायचं ठरलं. तिने बहिणीला लिहिलेल्या पत्रात हे आलं आहे. थकलेल्या आईला बसू दिलं आणि त्यातून ही रचना निघाली. मॉडेल हा जिवंत माणूस आहे, त्याची पाठ दुखते, पायाला मुंग्या येतात, हे विद्यार्थ्याला पहिल्याच धड्यात कळलेलं बरं.

बसलेलीच आकृती का, तर उभ्या माणसाचा सगळा तोल दोन पावलांवर असतो. घोटा जरा सरकला की माणूस पडतो आहे असं वाटतं. आडव्या माणसाचे हातपाय आपल्याकडे येताना आखूड होतात, ते मोजणं नवख्याच्या आवाक्याबाहेरचं. बसलेल्या माणसाला खुर्ची धरून ठेवते. पाठ टेकली कुठे, मांडीचं वजन उतरलं कुठे, गुडघा वळला कुठे आणि पाऊल थांबलं कुठे या चार जागा सापडल्या की आकृती उभी राहते. व्हिसलरच्या आईचा झगा तर हे सगळं एका मोठ्या काळ्या त्रिकोणात झाकून टाकतो. शिवाय चेहरा पूर्ण बाजूने आहे. दोन डोळे एका ओळीत बसवायची, नाक पुढे काढायची धडपड नाही. कपाळापासून हनुवटीपर्यंत एकच रेघ, आणि सगळं साम्य त्या रेघेत.

आता मापं. मूळ चित्र सुमारे १४४ सेंटिमीटर उंच आणि १६२ सेंटिमीटर रुंद आहे, म्हणजे जवळजवळ तंतोतंत आठास नऊ. हे प्रमाण शिकवणाऱ्याला फारच सोयीचं. छापील चित्र १६ बाय १८ सेंटिमीटर करून घ्यायचं आणि कॅनव्हास १६ बाय १८ इंच. चित्रावर दोन सेंटिमीटरचे चौकोन आखले की ते आठ उभे, नऊ आडवे येतात. कॅनव्हासवर तेच चौकोन दोन इंचाचे. दुकानात १६ बाय २० चा तयार कॅनव्हास सहज मिळतो, त्यातली दोन इंचाची पट्टी एका बाजूला सोडून द्यायची, तिथे रंग मिसळून बघता येतात. चौकोनांवरून मी पूर्ण चित्र उतरवू देत नाही. फक्त डोक्याचं वरचं टोक, पाठीचा सगळ्यात मागचा बिंदू, गुडघा, चौरंगाची कड, चौकटीचे कोपरे आणि पडद्याची कड एवढ्या जागा टिंबांनी घ्यायच्या. मग चौकोन पुसायचे आणि बाकीचं डोळ्याने जोडायचं.

जोडताना गवंड्याचा ओळंबा कामाला येतो. दोऱ्याला एक वजन बांधून तो छापील चित्रासमोर धरायचा. कपाळाच्या बरोबर खाली काय येतं? हातांची जागा कुठे? टाचेच्या वर कोणता भाग? उभ्या दोऱ्याला विचारलेले असे प्रश्न चौकोनांपेक्षा जास्त शिकवतात, कारण पुढे खऱ्या माणसासमोर बसाल तेव्हा त्याच्या अंगावर चौकोन आखता येणार नाहीत, पण दोरा धरता येईल.

रंगांच्या माझ्या यादीत पाचच ट्यूब असतात: टिटॅनियम व्हाइट, आयव्हरी ब्लॅक, रॉ अंबर, यलो ऑकर आणि लाइट रेड. कॅम्लिनच्या विद्यार्थी दर्जाच्या ट्यूब सुरुवातीला पुरतात. इथे एक स्थानिक गोष्ट सांगायला हवी. आमच्या भागात जैन कुटुंबं पुष्कळ आहेत. आयव्हरी ब्लॅक हाडं जाळून केलेल्या कोळशापासून बनतो आणि जुन्या पद्धतीचे ताठ ब्रश डुकराच्या केसांचे असतात. हे मी पहिल्याच दिवशी स्पष्ट सांगते, कारण न सांगता कुणाच्या हातात ते देणं मला योग्य वाटत नाही. ज्यांना नको असेल त्यांनी मार्स ब्लॅक घ्यावा. तो लोखंडाच्या ऑक्साइडचा, कारखान्यात तयार केलेला. जरा जास्त अपारदर्शक, जरा उबदार आणि वाळायलाही लवकर. कृत्रिम केसांचे ताठ ब्रशही आता चांगले मिळतात. चित्रात काही कमी पडत नाही.

सुरुवात पॅलेटवर होते, कॅनव्हासवर नाही. व्हिसलर पॅरिसमध्ये शार्ल ग्लेअर या चित्रकाराच्या स्टुडिओत शिकला होता. चित्राला हात लावण्याआधी सगळ्या छटा पॅलेटवर मिसळून तयार ठेवाव्यात, हा तिथला धडा त्याने आयुष्यभर पाळला. मी तेच करून घेते. पॅलेट नाइफने पाच ढीग करायचे, पांढऱ्यापासून काळ्यापर्यंत, मधल्या तीन करड्या सारख्या अंतराने. मिसळणाच्या डब्यासारखं सगळं जागच्या जागी असलं की काम करताना हात अडत नाही. नुसता काळा आणि पांढरा मिसळला तर करडा निळसर, थंड निघतो. त्यात चिमूटभर रॉ अंबर घातला की तो मातीकडे झुकतो. काळ्यात यलो ऑकर घातला तर चक्क हिरवट छटा मिळते, हे बघून सगळेच चकित होतात. “रंग कुठे आहेत” या प्रश्नाचं उत्तर इथेच मिळायला लागतं. करड्यांमध्ये थंड आणि उबदार असा फरक दिसू लागला की माणूस ढिगापुढून उठायला तयार होत नाही.

मग डोळे किलकिले करून छापील चित्राकडे बघायचं. किलकिल्या डोळ्यांना जाळी दिसत नाही, पडद्यावरची नक्षी दिसत नाही, भुवई दिसत नाही. फक्त मोठे डाग दिसतात. टोपी, हातरुमाल आणि भिंतीवरच्या चौकटीतला कागद हे सगळ्यात उजळ. चेहरा त्याहून एक पायरी खाली. बहुतेकांना हे पटत नाही, कारण मनात ‘गोरी बाई’ असते आणि ते चेहरा टोपीइतकाच पांढरा रंगवतात. तसं झालं की टोपी नाहीशी होते. भिंत मधली करडी, जमीन दुसरी करडी. पडदा, भिंतीच्या तळाची पट्टी आणि झगा हे गडद, पण तिन्ही एकसारखे गडद नाहीत. सगळ्यात खोल काळा राखून ठेवायचा आणि तो झग्यातल्या मोजक्या जागीच खर्च करायचा. पहिल्याच दिवशी सगळीकडे काळा ओतला तर दुसऱ्या दिवशी त्याहून गडद आणायचं कुठून?

कॅनव्हासवर आधी एक पातळ करडं अस्तर द्यायचं. पांढऱ्या कॅनव्हासवर कोणतीही छटा आहे त्यापेक्षा गडद भासते आणि अंदाज चुकतात. करड्यावर उजळ आणि गडद दोन्ही खरे दिसतात. त्यावर टर्पेंटाइनने पातळ केलेल्या अंबरने त्रिकोण, चौकट, पडदा मांडायचा. नाक नाही, बोटं नाहीत, जाळी नाही. या टप्प्यावर मी प्रत्येकाला चार पावलं मागे जायला लावते. लांबून बघितल्यावर बाई बसलेली वाटते का? तिचं वजन खुर्चीवर उतरलं का? उतरलं नसेल तर चेहरा कितीही गोड काढला तरी ती हवेतच राहील. म्हणून माझ्या वर्गात आधी बैठक, मग चेहरा.

तैलरंग वाळतो कसा हे समजून घेतल्याशिवाय पुढे जाऊ नये, कारण अर्ध्या चुका तिथेच होतात. जलरंगातलं पाणी उडून जातं. तैलरंगातलं तेल उडत नाही. हे तेल जवसाचं. विदर्भात पिकणारं, ज्याची आपण चटणी करतो, तेच जवस. फक्त रंगासाठीचं तेल गाळून, चिकट द्रव्य काढून शुद्ध केलेलं असतं. हे तेल हवेतला ऑक्सिजन ओढून घेतं, त्याचे कण एकमेकांत गुंफत जातात आणि हळूहळू एक चिवट पापुद्रा तयार होतो. वाळताना या थराचं वजन कमी होण्याऐवजी आधी थोडं वाढतं. टर्पेंटाइन मात्र खरंच उडून जातं. म्हणून खालच्या थरात टर्पेंटाइन जास्त, वरच्या थरांत तेल थोडं थोडं वाढत जाणारं, हा नियम. उलट केलं, तर वरचा थर आधी कडक होतो, खालचा नंतर वाळताना हलतो आणि चित्राला भेगा पडतात. रंगांची स्वतःची घाईही वेगवेगळी असते. अंबरमध्ये मँगनीज असल्याने तो लवकर वाळतो; आयव्हरी ब्लॅक रेंगाळतो. पहिली मांडणी अंबरने करायची ती यासाठीच. दमट पावसाळ्यात हे सगळं आणखी लांबतं, आणि कॅनव्हास भिंतीला चिकटवून ठेवला तर मागून बुरशी धरते. खिडकीपाशी उजेडात ठेवावा. अंधारात वाळलेलं जवसाचं तेल पिवळं पडतं, उजेडात ते पुन्हा बरंचसं निवळतं.

आणि चिंध्या! हे मी दर रविवारी सांगते आणि सांगतच राहणार. जवसाचं तेल लागलेल्या चिंध्या चुरगळून कोपऱ्यात किंवा डब्यात टाकू नका. ऑक्सिजन ओढून घेताना तेल तापतं, गोळ्यात ती उष्णता कोंडते आणि चिंधी आपोआप पेट घेऊ शकते. काडी लागत नाही, ठिणगी लागत नाही. चिंध्या बाहेर दोरीवर पसरून वाळवायच्या किंवा पाण्यात भिजवून ठेवायच्या. टर्पेंटाइनची वाफ डोक्यात चढते, म्हणून खिडक्या उघड्या, आणि खाताना-पिताना हात आधी साबणाने धुवायचे.

नक्कल करून काय शिकणार, स्वतःचं काही काढायला लावा, असं मला सांगणारेही भेटतात. त्यांची काळजी मला मान्य नाही. व्हिसलर स्वतः पॅरिसमध्ये असताना लूव्र संग्रहालयात बसून नकला करत होता. १८५७ मध्ये त्याने आंग्रच्या चित्राची नक्कल केली, गिऱ्हाइकासाठी आणि पैशासाठी. लूव्र १७९३ मध्ये लोकांसाठी उघडलं तेव्हापासून चित्रकार तिथे इझल लावत आले आहेत. आजही परवाना घेऊन ते करता येतं. नक्कल मूळ चित्राच्या मापाची असू नये, सही उतरवू नये, असे तिथले नियम आहेत. दगा होऊ नये म्हणून ते केलेले आहेत, पण मला ते शिकणाऱ्याच्याही फायद्याचे वाटतात. माप बदललं की प्रत्येक गोष्टीचा पुन्हा विचार करावा लागतो.

लूव्र लांबचं आहे. आपल्या दाराशी अजिंठा आहे. मुंबईचं जे. जे. कलाविद्यालय १८५७ साली सुरू झालं. तिथले जॉन ग्रिफिथ्स हे आपल्या विद्यार्थ्यांना घेऊन १८७२ पासून अजिंठ्याला जाऊ लागले आणि १८८५ पर्यंत ते काम चाललं. लेण्यांच्या अंधारात कॅनव्हास लावायचे आणि भिंतीवरची चित्रं तैलरंगात उतरवायची. भिंत खवल्यांनी झडलेली, रंग धुरकटलेले, उजेड तुटपुंजा. त्यांच्या आधी १८४४ पासून रॉबर्ट गिल या लष्करी अधिकाऱ्याने हेच काम वर्षानुवर्षं केलं होतं, आणि लंडनच्या क्रिस्टल पॅलेसमध्ये लावलेली त्याची बहुतेक चित्रं १८६६ च्या आगीत जळाली. ग्रिफिथ्सच्या विद्यार्थ्यांची चित्रंही लंडनला गेली. तीही १८८५ मध्ये साऊथ केन्सिंग्टनच्या आगीत सापडली आणि त्यातली पुष्कळ नष्ट झाली. हे वाचताना आजही जीव हळहळतो. पण त्या कामातून तयार झालेले हात जळाले नाहीत. पेस्तनजी बोमनजी त्यांपैकी एक. पुढे पारशी घरांतली माणसं त्यांनी तैलरंगात रंगवली. त्यांच्या बसलेल्या माणसांत जी शांत घट्ट बैठक आहे, तिच्यात अजिंठ्याच्या भिंतीपुढे घालवलेल्या दिवसांचा वाटा आहे असं मी मानते. अजिंठ्यात बसलेल्या आकृती किती! मांडी घालून, पाय खाली सोडून, एका हातावर रेलून. युरोपीय पद्धतीने छायाप्रकाश शिकलेल्या तरुणांनी त्या रेषेतल्या आकृती तेलात उतरवताना किती गोष्टींचा नव्याने विचार केला असेल!

वर्ग थोडा पुढे गेला की मी सगळ्यांना सातारा जिल्ह्यातल्या औंधला जायला सांगते. बाळासाहेब पंतप्रतिनिधींनी उभं केलेलं श्रीभवानी संग्रहालय तिथे आहे आणि त्यात रविवर्म्याची मूळ तैलचित्रं आहेत. छापील चित्रात रंगाचा थर दिसत नाही. खऱ्या चित्रासमोर बाजूने उभं राहिलं की उजेड पृष्ठभागावर घसरतो आणि कळतं, सावली किती पातळ लावलेली आहे आणि दागिन्यावरचा उजेड किती जाड. जुन्या चित्रकारांचा हा सर्वसाधारण शिरस्ता: सावल्या पातळ, उजेड भरदार. व्हिसलरने आईच्या चित्रात तर रंग इतका पातळ ठेवला आहे की कॅनव्हासची वीण दिसत राहते. आपल्या रंगाला तो ‘सॉस’ म्हणे, एवढा तो वाहता असायचा. न पटलेला रंग खरवडून पुसून टाकायचा आणि पुन्हा लावायचा, ही त्याची सवय प्रसिद्ध आहे.

खरवडणं हाच माझ्या वर्गातला सगळ्यात अवघड धडा. कष्टाने लावलेला रंग पुसायला माणसाचा हात धजत नाही. पण ओला तैलरंग पॅलेट नाइफने अलगद निघतो आणि खाली जो पुसट डाग उरतो तो पुढच्या थराला उत्तम आधार देतो. सरकारी दवाखान्यात नर्स असलेली माझी एक विद्यार्थिनी भिंतीचा करडा पुन्हा पुन्हा पुसत राहिली. बाकीचे झग्यावर पोचले तरी ही भिंतीवरच. शेवटी तिची भिंत हवेशीर झाली, तिच्यापुढे बाई खरंच खोलीत बसलेली वाटू लागली. सगळा वर्ग तिच्या इझलभोवती उभा राहिला. तिने भिंतीत थंड आणि उबदार करडे शेजारी शेजारी, अगदी सूक्ष्म फरकाने ठेवले होते. ते तिला कुणी सांगितलं नव्हतं. छापील चित्रात तिचं तिला दिसलं होतं.

दुसऱ्या थरात कडा येतात. नवखा माणूस सगळ्या कडा सारख्याच धारदार करतो, मग आकृती कात्रीने कापून चिकटवल्यासारखी दिसते. व्हिसलरच्या चित्रात बघा: कपाळ-नाक-हनुवटीची कड भिंतीवर स्वच्छ उमटली आहे, आणि झगा खाली जाता जाता सावलीत मिसळतो, कुठे संपला ते डोळ्याला शोधावं लागतं. जिथे नजर थांबायला हवी तिथे कड घट्ट, बाकी मऊ. कड मऊ करायला दोन्ही रंग ओले असताना कोरड्या स्वच्छ ब्रशने एकदाच हलकेच ओढायचं. दोनदा ओढलं की चिखल होतो.

चेहरा शेवटी, आणि तोही छोटा. १६ बाय १८ इंचाच्या कॅनव्हासवर तो अंगठ्याएवढा येतो, मोठ्या ब्रशच्या सात-आठ फटकाऱ्यांत बसतो. पांढरा, यलो ऑकर, लाइट रेड, आणि सावलीकडे थोडा काळा. गालाची एक छटा, जबड्याखालची एक, डोळ्याच्या खोबणीची एक. पापण्या काढायच्या नाहीत. कुणी बारीक ब्रश घेऊन पापण्यांवर बसलं की मी तो ब्रश काढून घेते. हातांचंही तेच: बोटं मोजायची नाहीत, रुमालाच्या पांढऱ्याशेजारी हातांचा एक उबदार आकार ठेवायचा. जाळीच्या टोपीला मात्र थोडा जाड पांढरा लावू द्यावा. इतके दिवस करड्यात राहिल्यावर त्या चार फटकाऱ्यांचा आनंद हक्काचा आहे. मग काम आरशात बघायचं. उलटं दिसलं की मान पुढे गेली आहे, चौकट कलली आहे, हे एका क्षणात कळतं. फोनने काढलेला काळा-पांढरा फोटोही छटांच्या चुका चटकन दाखवतो.

चित्र पूर्ण झालं की मागे ‘व्हिसलरच्या चित्रावरून’ असं लिहून आपलं नाव आणि तारीख घालायची. व्हार्निशची घाई करू नये. रंग वरून वाळला तरी आतून वाळायला सहा महिने ते वर्ष लागतं.

आणि मग खरं माणूस बसवायचं. तेही घरातलंच. वीज मंडळातले ते काका पुढच्या वेळी आपल्या आईचा फोटो घेऊन आले, तेव्हा मी त्यांना फोटो ठेवून आईलाच बसवायला सांगितलं. खिडकी शक्यतो उत्तरेची घ्या, म्हणजे सकाळपासून उजेड फारसा बदलत नाही. खुर्चीला हात असू द्या. पावलं आणि खुर्चीचे पाय जिथे आहेत तिथे जमिनीवर खडूने खुणा करा, म्हणजे उठून आल्यावर आई पुन्हा त्याच जागी बसेल. वीस मिनिटांनी थांबा, चहा द्या, चालू द्या. बोलत राहिली तरी हरकत नाही. बसलेलं माणूस गप्प झालं की खांदे ताठ होतात.

आईच्या अंगावर इरकल होतं, गडद निळं, लाल काठाचं. काकांनी पहिल्याच दिवशी काठ रंगवायला घेतला. मी थांबवलं. पाच ढीग तेच, व्हिसलरचे. फक्त काळ्याच्या जागी निळ्याची छाया. आधी मांडीवरच्या घड्यांचा उजेड-अंधार, पाठ खुर्चीला कुठे टेकली, गुडघा कुठे वळला. काठ आणि पदराच्या रेघा खालचा थर वाळल्यावर, घडीबरोबर वळत जाणाऱ्या, उजेडात उजळ आणि सावलीत गडद. त्यांनी विचारलं, “आणि चेहरा?” म्हटलं, आधी आईला नीट बसू द्या.